ठेच्यातली कोरडी भेंडी: तार मोडेपर्यंत दम धरा

भेंडी नको म्हणणाऱ्याला नेमकं काय नको ते विचारा. उत्तर एकच येतं: तार. चवीबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही. आणि ही तार घालवायला जे सल्ले मिळतात, त्यातले निम्मे ती वाढवणारे असतात. झाकण ठेवून वाफ काढा, मीठ आधीच घाला म्हणजे लवकर शिजेल, पाण्याचा हबका मारा. या तिन्हींपैकी एक जरी केलं तरी कढईत खळ तयार होते.

इथली भाजी खान्देशी वळणाची आहे: हिरव्या मिरचीचा ठेचा, हात न आखडता लसूण, शेंगदाणे, शेंगदाण्याचंच तेल आणि ताटात वाढताना लिंबू. कांदा नाही, टोमॅटो नाही. दोन्हींना पाणी सुटतं, आणि आपली सगळी खटपट पाणी घालवण्याची आहे.

चार जणांना अर्धा किलो भेंडी लागते. ठेच्यासाठी गडद हिरव्या, बारीक, तिखट मिरच्या आठ-दहा. फिकट पोपटी जाड मिरच्या असतील तर बारा-तेरा घ्या, तरी तेवढी धार येणार नाही. लसणाच्या पाकळ्या बारा ते पंधरा, शेंगदाणे एक मोठी मूठ, जिरे एक चमचा, मोहरी अर्धा चमचा, हिंग चिमूटभर, हळद पाव चमचा, मीठ साधारण एक चमचा, अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर. तेल पाच ते सहा मोठे चमचे. ‘कमी तेलातली भेंडी’ हवी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. दोन चमचे तेलात अर्धा किलो भेंडी परतली जात नाही, ती स्वतःच्याच वाफेवर शिजते.

घेताना

बोटाएवढी, तीन ते चार इंच लांब, लव असलेली घ्या. शेंडा वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. नुसता वाकून परत सरळ झाला तर शेंग जून आहे. भाजीवाले मोडून बघू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरही आहे, कारण मोडलेली भेंडी नंतर कोण घेणार? मग चिमटीत धरून हलकं दाबा. आत दाणे टपोरे लागले तर ती बाजूला ठेवा. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडलेली शेंग कोवळी असते, पुढे ती धागा धरते. जून भेंडी कितीही परता, दातात दोरा येतोच. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही जात हळद्या रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या) सहज बळी पडत नाही म्हणून शेतकऱ्यांनी उचलली. खाणाऱ्याने मात्र जात विचारण्यापेक्षा तोड कधीची ते विचारावं.

आणखी एक. उन्हाळ्यात विक्रेते भेंडीवर ओलं पोतं टाकतात किंवा सारखं पाणी शिंपडतात. त्याला इलाज नाही, पण अशी भेंडी घरी आल्यावर पिशवीतच राहू देऊ नका. लगेच पसरा.

धुणं आणि चिरणं

भेंडीतला चीक पाणी पिऊन फुगतो. तो शेंगेच्या आत असतो तोवर निरुपद्रवी असतो. सुरी चालली की बाहेर येतो आणि तिथे पाणी भेटलं की बुळबुळीत होतो. म्हणून धुवायची ती अख्खी, देठासकट, आणि चिरायची ती पूर्ण कोरडी. चिरून धुणं हा गुन्हा आहे.

‘पुसून घ्या’ एवढं सांगून बहुतेक पाककृती पुढे सरकतात. पुसल्याने धारांमधलं आणि देठाच्या टोपीखालचं पाणी जात नाही. रात्री धुऊन सुती पंच्यावर, एकमेकींना न चिकटतील अशा पसरून पंख्याखाली ठेवा. सकाळी काम सोपं. एप्रिल-मे महिन्यांत, जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, अर्ध्या-पाऊण तासातही कोरडी होते. श्रावणात मात्र हवा दमट राहते, तेव्हा एकेक भेंडी फडक्याने पुसण्याला पर्याय नाही. फ्रीजमधली भेंडी थेट चिरू नका. थंड शेंगेवर हवेतलं पाणी जमतं, जसं गार तांब्यावर जमतं. तासभर आधी बाहेर काढा.

पाट आणि सुरी कोरडी. देठाची टोपी आणि शेंडा उडवा. तुकडे बोटाच्या पेराएवढे, तिरके. पातळ चकत्या करू नका. जितके काप जास्त, तितकी चीक बाहेर यायची तोंडं जास्त. चिरताना सुरीला चीक लागेल, तो दर आठ-दहा शेंगांनी कोरड्या फडक्याने पुसा, पाण्याने नाही. चिरलेली भेंडी परातीत पसरून दहा मिनिटं तशीच ठेवली तर कापाची तोंडं सुकतात. घाई नसेल तर हे जरूर करा.

ठेचा

तव्यावर चमचाभर तेलात मिरच्या, प्रत्येकीला सुरीचं टोक लावून, पांढरे-तपकिरी फोड येईपर्यंत भाजा. टोक लावलं नाही तर मिरची फुटते आणि गरम बी थेट चेहऱ्यावर उडतं. शेवटच्या मिनिटाला लसूण टाका. शेंगदाणे वेगळे, मंद आचेवर, सालं सुटेपर्यंत भाजून चोळून घ्या. खिडकी उघडी ठेवा, ठसका घरभर जातो.

खलबत्त्यात मिरच्या, लसूण आणि अर्धा चमचा खडे मीठ आधी कुटा, दाणे सगळ्यात शेवटी, आणि तेही भरड राहू द्या. दाण्यांचं पीठ झालं की ते तेल पिऊन टाकतं आणि भाजी पुरणासारखी होते. मिक्सर वापरायचा तर दोन-तीन वेळा नुसतं चालू-बंद करा. भांड्याच्या कडेला अडकतंय म्हणून पाणी घालायचा मोह होईल. घालू नका. चमच्याने खाली ढकला.

परतणं: इथेच भाजी बिघडते

रुंद कढई घ्या, तोंड निदान अकरा-बारा इंच. बिडाची किंवा जाड लोखंडी उत्तम. भेंडीचा एकच थर बसला पाहिजे. तुमची कढई लहान असेल तर दोन घाण्यांत परता. एकावर एक ढीग झाला की खालची भेंडी वरच्या भेंडीला वाफ देते, आणि वाफ म्हणजे पाणीच. पातळ बुडाच्या भांड्यात भेंडी पडली की भांडंच गार पडतं, मग ती तळली जायच्या ऐवजी उकडते.

चार मोठे चमचे तेल चांगलं तापवा. एक तुकडा टाकून पाहा, टाकताक्षणी बुडबुडे उठून तो नाचला पाहिजे. मग सगळी भेंडी टाका, कढई एकदा हलवून थर सपाट करा आणि दोन मिनिटं हात बांधून उभे राहा. ढवळू नका. सतत ढवळलं की कोवळे तुकडे मोडतात, दाणे बाहेर येतात आणि नवीन चीक मोकळा होतो. पळी किंवा डाव नको, पातळ धारेचं उलथनं वापरा. खालून घासून उलटायचं आणि पुन्हा सोडून द्यायचं, दर दीड-दोन मिनिटांनी एकदा. आच मध्यमपेक्षा वर.

आता लक्ष देऊन वाचा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला उलथनं उचललं की पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वर येतील. आधीपेक्षा जास्त. इथे जवळजवळ प्रत्येकाचा धीर सुटतो. कोणी झाकण ठेवतं, कोणी दही-ताक ओततं, कोणी ‘कच्ची राहिली’ म्हणून पाण्याचा हबका मारतं. काहीही करू नका. ही तार दिसणं म्हणजे भाजी बिघडली असं नाही. चीक गरम होऊन बाहेर आला आहे आणि त्यातलं पाणी अजून उडायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आच कमी करू नका, झाकणाला हात लावू नका, मीठ तर मुळीच नाही. मीठ भेंडीतलं पाणी ओढून बाहेर आणतं, म्हणजे उडालेलं पाणी तुम्ही परत भरता. शिवाय अर्धा किलोचा ढीग परतून निम्म्यावर येतो. सुरुवातीला अंदाजाने घातलेलं मीठ शेवटी खारट लागतं.

कान देऊन ऐकलं तर भाजी स्वतःच सांगते. सुरुवातीला आवाज ओला, फसफस असा असतो. आठव्या-नवव्या मिनिटाला तो बदलतो, कोरडा, चुरचुर असा होतो. धागे आखूड होऊन तुटायला लागतात, तुकडे एकमेकांपासून सुटे होतात, कडांवर तपकिरी डाग येतात आणि रंग पोपटी-हिरव्यावरून गडद होतो. साधारण बारा मिनिटांत, भेंडी फार कोवळी असेल तर दहा मिनिटांत, हे सगळं होतं. एक तुकडा उलथन्यावर घेऊन वर उचला. धागा आला नाही तर झालं. आला तर आणखी दोन मिनिटं. घड्याळापेक्षा हा धागा खरा.

कडांचे ते डाग काळजीचे नाहीत, चव तिथेच आहे. पूर्ण हिरवीगार, तुकतुकीत भेंडी फोटोत छान दिसते, ताटात तार देते.

लिंबू, चिंच, आमसूल, ताक सुरुवातीलाच घालण्याचा सल्लाही फार फिरतो. आंबटाने तार तुटते हे खरं आहे, आणि रस्सा भाजीत तोच योग्य उपाय आहे. कोरड्या भाजीत मात्र आंबटाबरोबर ओलावा येतो, भेंडीचा हिरवा रंग मातकट होतो, आणि लोखंडी कढई असेल तर भाजी काळपट पडून तोंडाला लोखंड लागतं. म्हणून लिंबू ताटात.

फोडणी शेवटी

आधी फोडणी, मग भाजी, हा स्वयंपाकघरातला नियम इथे मोडायचा. ठेच्यातला लसूण आणि दाणे मोठ्या आचेवर बारा मिनिटं टिकत नाहीत. करपतात, आणि तो कडवटपणा लिंबानेही लपत नाही. परतलेली भेंडी कढईच्या कडांना सारा, मधल्या खळग्यात उरलेलं तेल घाला. मोहरी तडतडली की जिरे, हिंग, मग आच कमी करून हळद आणि लगेच ठेचा. पाऊण मिनिट, लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत. मग सगळं एकत्र करा, आता मीठ घाला (ठेच्यात गेलेलं लक्षात ठेवून), दोन मिनिटं परता, कोथिंबीर टाका, गॅस बंद. भाजी कढईत ठेवू नका, तापलेली बिडाची कढई गॅस बंद केल्यावरही दाणे करपवत राहते. पसरट ताटलीत काढा.

ठेच्याऐवजी लाल तिखट आणि काळा मसाला घालूनही अशीच भाजी होते. दीड चमचा मसाला, तोही शेवटीच, आणि आच अगदी मंद. सुका मसाला ठेच्याहून लवकर जळतो.

बिघडलीच तर

तार राहिली पण पाणी घातलेलं नसेल तर मोठ्या तव्यावर पसरा, मोठी आच, वरून दोन चमचे भाजलेलं बेसन भुरभुरवा. बेसन ओलावा शोषून घेतं आणि चवही बिघडत नाही. पाणी पडलं असेल तर कोरडी करण्याचा हट्ट सोडा. दीड वाटी गरम पाणी, चार-पाच आमसुलं, दाण्याचा कूट आणि थोडा गूळ घालून सात-आठ मिनिटं उकळा. चांगला रस्सा होतो, भाकरी कुस्करून खायला.

कोरडी भाजी कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर, बुक्कीने फोडलेला कांदा आणि दही. तिखट लागलं तर पाण्यामागे धावू नका, त्याने जळजळ जिभेवर पसरते. दही किंवा ताक घ्या.

डब्यात द्यायची असेल तर ताटलीत पसरून वीस मिनिटं गार होऊ द्या, मगच झाकण लावा. गरम भरली तर डब्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात, दुपारपर्यंत ते भाजीवर पडतात, आणि सकाळी मोडलेली तार डबा उघडताना पुन्हा भेटते. लिंबाची फोड वेगळी बांधून द्या.