मानवाधिकार शिकताना या चुका टाळा

डहाणू-पालघरच्या कोळीवाड्यांत अधूनमधून ती बातमी येतेच: पोरबंदर-ओख्याच्या बोटीवर गेलेला आपला खलाशी पाकिस्तानने पकडला. घरी माणसं जमतात आणि कुणीतरी म्हणतं, "हेगच्या कोर्टात जाऊ." आमच्या अभ्यासवर्गातली मुलंही उत्तरपत्रिकेत हेच लिहितात. म्हणून सुरुवात इथूनच.

हेगचं दार आपल्यासाठी उघडं आहे, असं समजणं

नेदरलँड्समधल्या हेग शहरात दोन वेगळी न्यायालयं आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशच देशाविरुद्ध उभा राहतो. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणाचा १७ जुलै २०१९ चा निकाल सगळ्यांना आठवतो, पण तो दावा कुटुंबाने नव्हे, भारत सरकारने लावला होता. मुद्दा होता वकिलातीच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू देण्याचा, म्हणजे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथे वंशसंहार, युद्धगुन्हे अशा गुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालतात आणि भारत त्याचा सदस्य नाही. स्ट्रासबर्गचं मानवाधिकार न्यायालय युरोपापुरतं आहे. आशियाला तसं न्यायालयच नाही.

मग खलाशासाठी काय आहे? संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराचं कलम ७३. भारताने हा करार १९९५ साली मंजूर केला, पाकिस्तानने १९९७ साली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात कुणी मासेमारीचे नियम मोडले, तर दोन देशांत तसं वेगळं ठरलेलं नसल्यास त्याला तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. वाजवी जामिनावर बोट आणि खलाशी लवकर सोडायचे असतात. १२ मैलांच्या आत मात्र हे कलम चालत नाही. त्यामुळे बोट नेमकी कुठे पकडली गेली, शेवटची जीपीएस नोंद काय होती, हे मालकाकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पुढे सगळा वाद त्या आकड्यावर येतो.

रोजच्या उपयोगाचा आहे तो २१ मे २००८ चा भारत-पाकिस्तान करार. त्यानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. आपल्या माणसाचं नाव यादीत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाला लेखी विचारा आणि पोच जपून ठेवा. शिक्षा संपली तरी राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्याशिवाय सुटका होत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी सगळे मूळ कागद खलाशाबरोबर बोटीवरच गेले होते. घरी एक झेरॉक्सही नव्हती, आणि रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळत नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर माणूस बोटीवर चढण्याआधी हे कागद जुळवून घरात ठेवाच.

जाहीरनामा, सही आणि मंजुरी यांची गल्लत

१० डिसेंबर १९४८ चा मानवाधिकारांचा जाहीरनामा हा करार नव्हे. ४८ देशांनी बाजूने मत दिलं, ८ तटस्थ राहिले. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द नकोत, 'सर्व माणसं' हवीत, हा आग्रह भारताच्या हंसा मेहता यांचा. बंधनकारक करार १९६६ चे दोन, एक नागरी-राजकीय हक्कांचा आणि दुसरा आर्थिक-सामाजिक हक्कांचा, आणि भारत त्यांत १९७९ साली आला. छळविरोधी करारावर मात्र भारताची १९९७ पासून नुसती सही आहे, मंजुरी नाही, म्हणून तो भारतावर बंधनकारक झालेला नाही. तसंच, जिनिव्हाच्या मानवाधिकार समितीकडे व्यक्तीने तक्रार करण्याची मुभा देणारा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे एकेका हक्काच्या विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, मात्र कुणीही लिहू शकतं. त्यासाठी देशाची मंजुरी लागत नाही.

"आपल्याकडे लागू नाही, मग कशाला शिकायचं?"

हे ऐकलं की मला वाईट वाटतं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल देशात कायदा नव्हता, तेव्हा १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की खरोखरच ऐपत नसलेल्या कर्जदाराला केवळ गरिबीपायी तुरुंगात टाकता येणार नाही. तिथेही १९६६ च्या नागरी-राजकीय हक्कांच्या कराराचा हवाला होता. अंगावर उचल असलेल्या खलाशाला हे माहीत असायला हवं.

आणि हक्क म्हणजे परदेशातून आलेली गोष्ट, असं कोकणात तरी कुणी म्हणू नये. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २० मार्च १९२७ ला प्यायले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाण्याचा हक्क मान्य केला २०१० साली.

आयोगाकडे उशिरा जाणं

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग १९९३ च्या कायद्याने आला. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो. पण घटनेला एक वर्ष उलटून गेलं की आयोग चौकशी करू शकत नाही, आणि न्यायालयात चालू असलेलं प्रकरण तो घेत नाही. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. अर्जात तारीख, ठिकाण, कोणत्या अधिकाऱ्याने काय केलं आणि तुम्हाला नेमकं काय हवं, एवढं सुटसुटीत लिहा. आमच्याकडचे बरेचसे अर्ज अडतात ते तारीख नसल्यामुळे.