या चुका टाळा: लहान मुलांसह कॅम्परव्हॅनची सहल

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरमधल्या कुटुंबाला निजण्या-शिजवण्याची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरण्याची कल्पना आता परकी वाटत नाही. मात्र गाडी पसंत करताना आई-वडील चालकाच्या शेजारी बसून पाहतात, ओटा पाहतात, गाद्या दाबून पाहतात. ज्या आसनावर आपले सात वर्षांचे मूल सहा-सात तास बसणार आहे, तिथे सहसा कुणीच बसून पाहत नाही. सहलीत पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते. म्हणून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मुलाला त्याच्या जागी बसवावे आणि आपली नजर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून त्याला नेमके काय दिसते ते पाहावे. अनेकदा खिडकीची खालची कड त्याच्या कपाळापर्यंत येते आणि समोर फक्त कपाटाचे दार असते.

गाडी लागण्याचा त्रास तिथूनच सुरू होतो. कान मेंदूला हालचाल कळवतात आणि डोळे मात्र स्थिर भिंत पाहतात. या विसंगतीमुळे मळमळते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक जाणवतो. त्यामुळे मुलाचे आसन समोर तोंड करणारे आणि बाहेरचा रस्ता दिसणारे हवे, शक्यतो मागच्या चाकांच्या पुढचे. वळणांच्या रस्त्यावर हातात मोबाइल किंवा चित्रांचे पुस्तक देऊन मुलाला शांत बसवणे ही तर हमखास होणारी चूक आहे. निघण्यापूर्वी नाक्यावरचा वडापाव किंवा मिसळ न देता दशमी किंवा मऊ भात द्यावा, आवळा सुपारी हाताशी ठेवावी आणि खिडकी थोडी उघडी राहू द्यावी.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. गाडीत पलंग असतो, म्हणून मूल चालत्या गाडीत त्यावर लोळते, आणि मोठ्यांनाही त्यात गैर वाटत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीच्या खास आसनाचा पट्टा बांधलेला नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा अचानक लागणाऱ्या ब्रेकची भीती मोठी मानावी. भिंतीला समांतर बाकावरही चालत्या गाडीत मुलाला बसवू नये. त्याच कारणाने ओट्यावरची प्रत्येक वस्तू निघण्यापूर्वी कप्प्यात बंद करावी. पेणच्या पुढे खड्डा आला की सुटा ठेवलेला कुकर बरोबर मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून घरंगळत येतो. दारांच्या कड्या तपासण्याचे काम मुलाकडेच सोपवावे. ते काम मुले मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे करतात, असा माझा अनुभव आहे.

गॅसची गळती झाली तर तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि फरशीवर खेळणारे मूलच त्याच्या सर्वांत जवळ असते. स्वयंपाक शक्यतो बाहेर करावा. आत करायचाच असेल तर दार आणि छताची झडप उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी सिलिंडरची कळ बंद करावी. बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून ऊब घेणे प्राणघातक आहे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुक्कामांची संख्या हा मोठ्यांचा हट्ट असतो. ठाण्याहून गणपतीपुळे सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि मोठी गाडी महामार्गावर सावकाशच चालते. तरीही काही कुटुंबे तीन दिवसांत तेही करतात आणि वाटेतली दोन देवळे व एक किल्लाही. मुलाच्या दृष्टीने मात्र सहल निराळीच असते. टेबलाची फळी खाली सरकवली की त्याचा पलंग होतो, ही घटना त्याला रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने घडवायची असते, आणि त्यासाठी त्याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यावा. पहिल्या सहलीसाठी अलिबाग, मुरूड आणि आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून दिवेआगर हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. आपले झोपायचे घर बोटीवर चढते आहे हे पाहताना मुले जंजिऱ्यापेक्षाही अधिक हरखतात. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होत असल्याने लांब गाडीचा मागचा भाग घासू शकतो. म्हणून भरतीच्या सुमाराची फेरी धरावी आणि गाडीची लांबी आधी सांगावी.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर गाडी वाळूत उतरवू नये, मुलाने कितीही आग्रह केला तरी. ओहोटीत टणक वाटणारी वाळू चाकाखाली दबते, सहा तासांत पाणी वर येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते नेहमीच्या रेषेच्याही पुढे जाते. मुक्कामासाठी पर्यटन महामंडळाच्या निवासाचे आवार किंवा एखाद्या घरगुती निवासाचे अंगण आधीच विचारून ठेवावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पाचपर्यंत गाडी उभी राहिली पाहिजे. परिसर उजेडात पाहिलेला असेल तर रात्री लघवीला उठलेले मूल घाबरत नाही. गाडी सपाट उभी आहे का हे पाहण्यासाठी फरशीवर चेंडू ठेवावा. तो ज्या बाजूला घरंगळेल तिकडच्या चाकांखाली फळ्या घालाव्यात. तिरक्या गाडीत मूल रात्रभर भिंतीकडे सरकते आणि पहाटे रडत उठते. वरचा बर्थ असला तरी सहा वर्षांखालील मुलाला तिथे झोपवू नये. मोठ्यासाठीही कठडा हवाच.

गाडी एक दिवस आधी मिळत असेल तर पहिली रात्र सोसायटीच्या आवारातच काढावी. त्यासाठी कमानीची उंची मोजून घ्यावी आणि वॉचमनला कल्पना द्यावी. सरावासाठी येऊरच्या जंगलाचा विचार कुणी करू नये. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. आवारातल्या त्या रात्रीत मुलाला दिव्याची बटणे कळतात, पाण्याच्या पंपाचा घुर्रर्र आवाज ओळखीचा होतो आणि छोट्या शौचालयाची भीती जाते. ही भीती गेली नाही तर मूल दिवसभर शौच रोखून धरते आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखीने सहल थांबते. पाण्याची टाकी मर्यादित असते, हेही त्याला तिथेच दाखवावे. टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे बोट दाखवून समजावले की दात घासताना नळ बंद करण्याची आठवण मुलेच मोठ्यांना करतात.

परतीसाठी रविवारची संध्याकाळ टाळावी. वडखळ ते पनवेल या टप्प्यात तेव्हा तासन्‌तास अडकावे लागते, आणि दमलेल्या मुलाला पट्ट्यात बसवून ठेवणे कठीण होते. रविवारी न्याहारी करून सकाळीच निघावे, सांडपाण्याची टाकी मुक्कामाच्या ठिकाणीच विचारून रिकामी करावी आणि दुपारच्या जेवणाला घरी पोहोचावे.