फोनमधले फोटो संगणकावर घेताना तारीख हरवते? या चुका टाळा

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. मखर तेच, समई तीच, मागचा जांभळा पडदाही कित्येक वर्षं तोच. त्यामुळे जुन्या मोबाइलमधले सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन फोल्डर उघडला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. तीन हजारांवर फोटो आणि सगळ्यांवर एकच तारीख, कॉपी केले त्या रविवारची. २०१८, २०१९, २०२० अशा तिन्ही वर्षांचे बाप्पा एकमेकांत मिसळून गेले होते. आजी आरतीला शेवटची उभी राहिली ती कोणत्या वर्षी, हेही मला त्या फोटोंवरून सांगता येईना.

तारखा खरं तर जागेवरच होत्या. मी भलत्या रकान्यात बघत होते.

चूक पहिली: भलत्या तारखेवर विश्वास

पत्रावर दोन तारखा असायच्या. एक लिहिणाऱ्याने आत वरच्या कोपऱ्यात घातलेली, दुसरी पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची. फोटोचंही तसंच आहे. कॅमेरा फोटो काढतानाच त्याच्या पोटात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव लिहून ठेवतो. याला एक्झिफ म्हणतात. फाइलच्या तारखा वेगळ्या, त्या संगणक ठेवतो. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ‘डेट क्रिएटेड’ आजची पडते. ‘डेट मॉडिफाइड’ कधी जुनी राहते, कधी तीही बदलते. आपण फोल्डरमध्ये बघतो ते बहुतेक वेळा हे शिक्केच असतात.

म्हणून आधी घाबरू नका. फोल्डर ‘डिटेल्स’ स्वरूपात उघडा, वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करा आणि ‘डेट टेकन’वर खूण करा. तो रकाना भरलेला दिसला तर तुमची तारीख शाबूत आहे. त्यावर क्लिक केलं की फोटो क्रमाने लागतात. माझे जवळजवळ सगळे कॅमेऱ्याचे फोटो असेच एका क्लिकमध्ये जागेवर आले.

चूक दुसरी: व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो ‘घेणं’

खरं नुकसान इथे होतं, आणि ते परत भरून येत नाही. केबल शोधायचा कंटाळा आला की आपण स्वतःलाच किंवा घरच्या ग्रुपवर फोटो पाठवतो आणि तिथून लॅपटॉपवर उतरवतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि पोटातली तारीख काढून टाकतं. ‘एचडी’ निवडलं तरी फोटो स्पष्ट येतो, तारीख येत नाही. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’च्या आधी जो आकडा असतो, तो फोटो पाठवल्याचा किंवा मिळाल्याचा दिवस असतो, काढल्याचा नव्हे.

आजीचा तो आरतीचा फोटो माझ्याकडे असाच आला होता. नावात २०२१०९१०, म्हणजे १० सप्टेंबर २०२१. त्या दिवशी गणेश चतुर्थीच होती, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पण तेव्हा आजी नव्हती. आतेभावाने आठवण म्हणून त्या दिवशी जुना फोटो ग्रुपवर टाकला होता. त्याच्या फोनमध्ये मूळ फोटो होता. तो त्याने ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला आणि ‘डेट टेकन’मध्ये उमटलं : २ सप्टेंबर २०१९, दुपारी १२.०४.

नातेवाइकांकडून फोटो मागताना हेच सांगा. जोडणीच्या खुणेवर दाबून ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडायचं. फोटो खूप असतील तर फोनवरच त्यांची झिप, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच फाइल, करून ती पाठवायची. एक काळजी मात्र घ्या: मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाणही असू शकतं. घरच्यांपुरतं ठीक, मोठ्या ग्रुपवर नको.

चूक तिसरी: केबल लावली, पण…

अँड्रॉइड फोन केबलने जोडला की वरून पट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं, नाहीतर तो नुसता चार्ज होतो. मग ‘डीसीआयएम’मधला ‘कॅमेरा’ फोल्डर कॉपी करायचा. यात पोटातल्या तारखेला धक्का लागत नाही.

आयफोनवाल्यांनी आधी सेटिंग्जमधल्या ‘फोटोज’मध्ये जाऊन ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडावं. तिथे ‘ऑटोमॅटिक’ राहिलं तर फोन एकेक फोटो जेपीईजी या नेहमीच्या फोटो-प्रकारात बदलत बसतो, आणि त्या खटाटोपात कॉपी मध्येच तुटल्याचे प्रकार भरपूर होतात. मॅकवरच्या ‘फोटोज’मधून बाहेर काढताना ‘एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ हा पर्याय घ्या.

गूगल फोटोजमध्ये तुम्ही हाताने तारीख सुधारली असेल, तर ती सुधारणा मूळ फाइलमध्ये जात नाही. ‘टेकआउट’ या गूगलच्याच सोयीने सगळं उतरवलं की ती शेजारच्या छोट्या जेसन (मजकुराच्या) फाइलमध्ये मिळते. कचरा समजून त्या फाइली पुसू नका.

तारीख आहे, पण चुकीची

रात्री एक वाजता केलेलं भजनाचं चित्रीकरण आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसातला दिसलं, तर ती आपल्या साडेपाच तासांची करामत. एमपी४ व्हिडिओत वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, नोंदलेली असते, फोटोत मात्र स्थानिक. गूगलच्या पिक्सेल फोनच्या फाइलनावातली वेळही जागतिक असते, त्यामुळे नावावरून क्रम लावाल तर फसाल.

१ जानेवारी १९७० ही तारीख दिसली तर समजा, वेळेचा आकडा शून्य आहे. संगणक तिथून मोजायला सुरुवात करतो. स्क्रीनशॉटमध्ये बऱ्याचदा ‘डेट टेकन’ नसतंच, तिथे फाइलच्या नावातली तारीख कामी येते. आणि स्टुडिओतून स्कॅन करून आणलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅनची तारीख असेल, लग्नाची नाही.

दुरुस्ती

पाच-दहा फोटो असतील तर विंडोजमध्येच होतं. जेपीईजी फोटो निवडा, राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’, आणि ‘डेट टेकन’समोर तारीख घाला. एकाच दिवसाचे अनेक फोटो एकत्र निवडूनही चालतं. त्याच खिडकीत खाली ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज’ लिहिलेलं असतं, त्याला हात लावू नका.

शेकड्यांनी फोटो असतील तर फिल हार्वे यांचं एक्झिफटूल घ्या. फुकट आहे. आज्ञा टाइप कराव्या लागतात, त्यामुळे पहिला तास जड जातो, पण पोटातली तारीख फाइलवर आणणं, नावातली तारीख पोटात लिहिणं, सगळ्या वेळा साडेपाच तासांनी सरकवणं, ही कामं ते मिनिटांत करतं. मूळ फाइलची प्रतही आपोआप शेजारी ठेवतं. तरीही मी आधी फोल्डरची वेगळी प्रत काढते.

ज्या गणपतीच्या फोटोंचा मूळ मालकच सापडला नाही, तिथे जुनी कॅलेंडरं उपयोगी पडली. चतुर्थी २०१८ मध्ये १३ सप्टेंबरला, २०१९ मध्ये २ सप्टेंबरला, २०२० मध्ये २२ ऑगस्टला होती. भाच्याची उंची बघून वर्ष ठरवलं आणि तारीख लिहिली.

आणि फोनमधून कधीही ‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नका. केबल जरा हलली तर फोटो इथेही नसतो आणि तिथेही. कॉपी करा, दोन्हीकडची संख्या जुळवा, प्रत्येक वर्षातले चार-पाच फोटो उघडून ‘डेट टेकन’ तपासा. मी त्या जुन्या फोनमधले फोटो भाऊबीजेपर्यंत तसेच ठेवले होते. आतेभाऊ घरी आला, आम्ही दोघांनी मिळून वर्षावर्षाचे फोल्डर तपासले, मग पुसले.