वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा

वांग्याच्या झाडाचा एखादाच शेंडा सुकलेला दिसला, की बरेच जण पाणी कमी पडलं असं समजून बादली रिकामी करतात. आधी तो शेंडा नखाने उभा चिरून बघा. आत ओलसर भुसा आणि गुलाबीसर अळी दिसली, तर ती शेंडा पोखरणारी अळी. हीच पुढे वांग्यात शिरते. एकदा आत गेली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. सुकलेल्या भागाच्या इंचभर खालून शेंडा कापायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा. खतखड्ड्यात अजिबात टाकू नका, अळी तिथेच कोष करते. आठवड्यातून दोनदा हे केलं की घरापुरती वांगी नक्की हाती लागतात.

माझं परस रत्नागिरीजवळ आहे. इथे दोडका, कारली, पेरू यांना खरा त्रास फळमाशीचा. मादी कोवळ्या फळात सालीखाली अंडी घालते, अळ्या आत गर खातात, फळ गळून पडतं आणि अळ्या मातीत जाऊन कोष करतात. म्हणून गळलेलं फळ संध्याकाळपर्यंतसुद्धा झाडाखाली ठेवायचं नाही. रोज वेचा आणि घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत भरून उन्हात ठेवा. जोडीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला रक्षक सापळा टांगावा. त्यात नर माशीला ओढून घेणारं आमिष ठेवतात: आंबा-पेरूसाठी मिथाईल युजेनॉल लागतं, वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूर. विकत घेताना हे बघून घ्या, कारण एकाचं काम दुसरं करत नाही. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे सापळा आहे म्हणून फळं वेचायचं सोडू नये. दोडका बोटाएवढा झाला की मी त्याला कागदी पिशवी घालते. सगळ्यात भरवशाचा उपाय हाच.

भेंडी-चवळीवर मावा किंवा जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की मुंग्यांची रांग शोधा. त्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात आणि त्याला खाणारे किडे हाकलतात. मुंग्यांची वाट तोडा, खोडाला ग्रीस लावलेली प्लॅस्टिकची पट्टी बांधा आणि माव्यावर पाण्याची जोरदार धार मारा. तिथेच काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली अळी फिरताना दिसली तर तिला कृपा करून मारू नका! ती लेडीबर्ड ढालकिड्याची अळी, मावा फस्त करणारी.

लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी अळी बसते, ती हाताने उचलली की झालं.

एवढ्यानेही भागलं नाही तर निंबोळी अर्क. कोकणात कडुनिंब कमी, म्हणून माझ्या निंबोळ्या माहेराहून, सांगलीकडून येतात. निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. किडे लगेच मरून पडत नाहीत, त्यांचं खाणं हळूहळू थांबतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी घाबरून दुकानातलं जहाल औषध आणायला धावू नका. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा, आणि पावसाळ्यात उघडीप बघूनच भरड भिजत घालायची.