टाइप वन डायबेटिस असलेलं लहान मूल: डोस वाढवण्याआधी घरातल्या या चुका टाळा

शुगर सकाळी ३१०, दुपारी २८०, रात्री पुन्हा ३००. इन्सुलिन तेवढंच, जेवणही तेवढंच. असं दोन दिवस चाललं की घरात पहिली भाषा निघते ती डोस वाढवायची. लहान मुलाच्या बाबतीत ही घाई फार महागात पडते. १५ किलोच्या मुलाला दिवसभराचं सगळं मिळून साधारण ८ ते १५ युनिट इन्सुलिन लागतं. तिथे एका युनिटची चूकसुद्धा मोठी ठरते. म्हणून आकडे बिघडले की आधी कारण शोधायचं, मग डॉक्टरांशी बोलून डोसला हात लावायचा. कारण बहुतेक वेळा घरातच सापडतं, आणि नागपुरात त्यातली काही कारणं इथल्या हवेमुळे तयार होतात.

इन्सुलिन तापलं, नाही तर गोठलं

इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेनं ते निकामी होतं आणि गोठल्यावरही निकामी होतं. अडचण अशी की निकामी झालेलं पारदर्शक इन्सुलिन बरेचदा आधीसारखंच पारदर्शक दिसतं, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही.

न उघडलेली व्हायल (इन्सुलिनची बाटली) किंवा कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी नळी) २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या आत ठेवलं तर बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालतं. नेमकी मुदत खोक्यातल्या पत्रकावर वाचा. पत्रकात ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं लिहिलेलं असतं, तिथेच आपली फसगत होते. एप्रिल-मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना कुलर लावलेली खोलीसुद्धा दुपारी ३० च्या वर जाते. त्यामुळे मार्च ते जून वापरातला पेनही फ्रिजमध्येच ठेवा, सुई काढून. टोचण्याच्या थोडं आधी बाहेर काढला की गार इन्सुलिनची चुणचुण होत नाही.

सगळ्यात जास्त इन्सुलिन कुठं खराब होतं? गाडीच्या डिकीत. औषधाच्या दुकानातून व्हायल घेतली, डिकीत टाकली, वाटेत भाजी घेतली आणि तासाभरानं घरी आलो, तर उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापलेली असते. इन्सुलिन आणायला जाताना थर्मास किंवा गार पिशवी सोबत न्या आणि तिथून थेट घरी या. कारचा डॅशबोर्ड, खिडकीचा कट्टा, फ्रिजचा माथा, शाळेच्या बसमध्ये उन्हाच्या बाजूला ठेवलेलं दप्तर, या जागाही तशाच.

उलट चूक गोठवण्याची. फ्रीझरच्या खाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली व्हायल गोठू शकते. प्रवासात बर्फाच्या पॅकला चिकटून ठेवलेल्या पेनचंही तेच होतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. जागा म्हणजे फ्रिजचं दार किंवा मधला कप्पा, झाकणाच्या डब्यात. प्रवासात बर्फाच्या पॅकभोवती रुमाल गुंडाळा.

लाइट गेली की फ्रिज उघडू नका; दार बंद राहिलं तर काही तास गारवा टिकतो. वारंवार लाइट जाणाऱ्या भागात दोन माठांचा उपाय करून ठेवा. मोठ्या, न रंगवलेल्या माठात वाळूचा थर द्यायचा, त्यावर लहान मडकं बसवायचं, दोघांमधल्या जागेत वाळू भरून सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. आतल्या मडक्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन आणि साधं थर्मामीटर, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि माठ गार होत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

शंका आली की चाचणी सोपी आहे. डोस तोच ठेवा आणि नवीन, नीट साठवलेली व्हायल किंवा कार्ट्रिज उघडा. शुगर खाली आली तर दोष जुन्या इन्सुलिनचा होता. उघडलेल्या दिवसाची तारीख व्हायलवर मार्करनं लिहायची सवय असू द्या.

सिरिंज आणि व्हायल जुळत नाही

आपल्याकडे व्हायल यू-४० चीही मिळते (एका मिलीत ४० युनिट) आणि यू-१०० चीही (एका मिलीत १०० युनिट). यू-४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, यू-१०० च्या सिरिंजचं केशरी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४ च्या खुणेपर्यंत यू-१०० इन्सुलिन भरलं, तर मुलाच्या अंगात ४ नव्हे, १० युनिट जातात. उलट केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये ४ पर्यंत यू-४० भरलं, तर जेमतेम १.६ युनिट जातात. दुकान बदललं, काकांनी औषध आणलं, सरकारी दवाखान्यातून वेगळी व्हायल मिळाली, अशा वेळी ही चूक होते. दर वेळी व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्यानं वाचून घ्या. घरात एकाच प्रकारची सिरिंज ठेवणं सगळ्यात बरं.

दुधाळ दिसणारं इन्सुलिन न मिसळता टोचणं हीसुद्धा नेहमीची चूक. तळहातांमध्ये १० ते २० वेळा हळूच घोळवा, जोरात हलवू नका. गुठळ्या किंवा कण दिसले तर वापरू नका.

एकाच जागी टोचणं

मूल ‘इथंच दे’ म्हणतं, कारण तिथं दुखत नाही. तिथं दुखत नाही, कारण तिथं चरबीची गाठ झालेली असते, आणि गाठीतून इन्सुलिन कधी अर्धं शोषलं जातं, कधी उशिरा. आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाचा हात पोटावर, मांड्यांवर, दंडावर फिरवून बघा. गाठ डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. ती जागा दोन-तीन महिने सोडायची. मात्र गाठीवरून चांगल्या त्वचेवर आलात की तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा.

लहान मुलाला ४ मिमीची सुई पुरते, दोन बोटांनी कातडी हलकी उचलून. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहा. टोचल्यावर १० पर्यंत मोजा. सुई काढल्यावर थेंब गळत असेल तर घाई झाली आहे. इंजेक्शननंतर लगेच गरम पाण्यानं आंघोळ घालू नका, इन्सुलिन भराभर शोषलं जातं.

आकडाच खोटा असतो

संत्रं सोललेल्या बोटावर साखर राहते. त्याच बोटाचा थेंब घेतला तर खरी शुगर ९० असतानाही मीटर दीडशेच्या वर दाखवू शकतो. स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर नीट जात नाही. साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात आणि पुसून पूर्ण कोरडे करावे लागतात. संत्र्याच्या दिवसांत नागपूरच्या घरात ही चूक रोज होऊ शकते. तिचा खरा धोका असा की बोटावरच्या साखरेमागे कमी झालेली शुगर लपून जाते आणि आपण वर इन्सुलिन देऊन बसतो.

स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा. उन्हात तापलेली स्ट्रिप भरवशाची नसते. कातडीवर चिकटवून सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, आणि मूल त्याच हातावर झोपलं तर खोटी कमी शुगर दाखवतो. आकडा आणि मूल जुळत नसेल तर बोटाची शुगर घ्या.

कमी शुगरला बर्फी

७० च्या खाली आलं की घरात जे गोड दिसेल ते तोंडात कोंबलं जातं. पेढा, बर्फी, चॉकलेट यांतली चरबी साखरेला अडवून धरते. हवी असते निव्वळ साखर, आणि तीही मोजून: दर किलो वजनामागे ०.३ ग्रॅम. १५ किलोच्या मुलाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर साखर किंवा ग्लुकोज, थोड्या पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. पेलाभर ग्लुकोजचं पाणी पाजलं की तासाभरात ३०० होते, मग त्यावर इन्सुलिन, मग पुन्हा कमी. हा झोका घरातच तयार होतो.

लहान मूल ‘मला चक्कर येते’ असं सांगत नाही. ते अचानक गप्प होतं, घाम येतो, चेहरा उतरतो, किंवा बिनकारण आकांत करतं. हट्ट आहे की कमी शुगर, हे रागावण्याआधी तपासा.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (शुगर झटपट वाढवणारं औषध) असेल तर द्या (२५ किलोच्या आतल्या मुलाला सहसा ०.५ मिग्रॅ), आणि १०८ ला फोन करा. ग्लुकागॉन प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून लिहून घेऊन आधीच मागवून ठेवा आणि द्यायचं कसं हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या.

उलट्यांना ‘ऊन लागलं’ म्हणणं

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. मे महिन्यात मूल मलूल आहे, पोट दुखतं म्हणतं, उलट्या होतात. घरचे म्हणतात ऊन लागलं, कांदा द्या, पन्हं पाजा. काही खात नाही म्हणून इन्सुलिनही थांबवलं जातं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, रक्तात कीटोन साठतात, आणि उलट्या त्या कीटोनमुळेच वाढत जातात.

एक फरक लक्षात ठेवा, आजाराचं निदान व्हायच्या आधीही तो उपयोगी पडतो. उन्हानं पाणी कमी झालं तर तहान लागते, पण लघवी थोडी आणि गडद होते. शुगर वाढलेली असेल तर तहानेसोबत लघवीही भरपूर होते, कपडे सैल होतात, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. असं दिसलं तर त्याच दिवशी शुगर तपासून घ्या, उद्यावर ढकलू नका.

आजारपणात मूळ इन्सुलिन, म्हणजे दिवसभर काम करणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन, कधीही पूर्ण बंद करायचं नाही. मूल खात नसेल आणि शुगर कमी असेल तर डोस थोडा कमी करावा लागू शकतो. किती, ते डॉक्टर सांगतील. तोवर साखर-पाणी किंवा ओआरएस चमच्या-चमच्यानं सुरू ठेवा. शुगर दर दोन ते चार तासांनी, रात्रीसुद्धा. २५० च्या वर गेली किंवा उलटी झाली की कीटोन तपासा. रक्तातले कीटोन ०.६ च्या आत असले तर ठीक, त्यावर गेले की डॉक्टरांना फोन, १.५ च्या वर धोका, आणि ३ च्या वर थेट रुग्णालय. रक्ताच्या कीटोन स्ट्रिप महाग वाटल्या तर लघवीच्या तरी घरात असाव्यात.

उलट्या थांबत नाहीत, श्वास खोल आणि भराभर चालतो, तोंडाला फळ सडल्यासारखा वास येतो, मूल गुंगीत जातं: यातलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट न बघता निघा. नागपूरची सरकारी रुग्णालयं मेडिकल असो, मेयो असो, मिहानचं एम्स असो की तुमचं नेहमीचं खासगी रुग्णालय, रात्री मुलांचा आयसीयू कुठं मिळेल हे आजच विचारून ठेवा. पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘टाइप वन आहे’ हेच असू द्या, ‘उलट्या होतात’ हे दुसरं.

‘आता बरं झालं’

निदानानंतर काही आठवड्यांनी इन्सुलिनची गरज खूप कमी होऊ शकते. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या पेशी काही काळ थोडं काम करतात म्हणून असं होतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी काढा किंवा कारल्याचा रस सुचवलेला असतो आणि श्रेय त्याला जातं. हा काळ संपतोच. ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे वैद्यांच्या हातात काही नव्हतं. काढा द्यायचाच हट्ट असेल तर निदान इन्सुलिन सोडू नका, आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

ताट, तान्हा पोळा आणि आजी

साखर बंद केली, पण पोहे मोजले नाहीत, हा घोटाळा घरोघरी दिसतो. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब (पचल्यावर साखर होणारी कर्बोदकं) असतात, २५ ग्रॅम कणकेच्या फुलक्यात सोळा-सतरा, २०० मिली दुधात दहाएक. तर्री पोह्यांचा बिनसाखरेचा घासही शुगर चढवतोच. पहिला महिना वजनकाट्यावर मोजा, नंतर घरची वाटी डोळ्यांना कळायला लागते. जलद इन्सुलिन जेवणाच्या १०-१५ मिनिटं आधी, साधं रेग्युलर अर्धा तास आधी. जे मूल ताटावरून अर्ध्यात उठतं, त्याचा डोस कसा विभागायचा ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि जलद इन्सुलिन तीन-चार तास काम करत असतं, म्हणून दोन तासांनी आकडा मोठा दिसला तरी डोसावर डोस चढवू नका.

तान्ह्या पोळ्याला मूल लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातं आणि हातावर खाऊ पडतो. त्याला घरात बसवू नका. खाऊ पिशवीत जमा करायचा, घरी आल्यावर त्यातला एक आवडता जेवणासोबत, मोजून, इन्सुलिनसह, हे आधीच ठरवा. ‘एका पेढ्यानं काय होते बापा!’ म्हणणाऱ्या आजीला रागावण्यापेक्षा तिच्या हातात मीटर द्या आणि पेढ्याआधीची व दोन तासांनंतरची शुगर तिलाच बघू द्या. दिवसभर धावपळ झाली असेल तर शुगर रात्री उतरते, कधी सात ते अकरा तासांनी. त्या रात्री झोपण्यापूर्वी आणि दोन-तीनच्या सुमारास नक्की तपासा.

आकडा बघून ‘शाबास’ किंवा ‘काय खाल्लंस?’ म्हणू नका. ‘जास्त आहे, इन्सुलिन देऊ’, एवढंच म्हणा. रागावलेलं मूल पुढे खाल्लेलं लपवतं, आणि लपवलेल्या खाण्याचा डोस कुणाला काढता येत नाही. भावंडासाठी वेगळा, चोरून खायचा डबा करू नका. सगळ्यांना एकच जेवण.

शाळेत कमी शुगरसाठी दिलेली डबी बाईंच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. वर्गात, हाताशी, तिघांना माहीत असलेल्या जागी ठेवा: मोजलेल्या ग्लुकोजच्या चार पुड्या, मीटर, आणि मोठ्या अक्षरात एक कागद. कागदावर मुलाचं नाव, ‘७० च्या खाली: एक पुडी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, एकटं सोडू नका’ आणि दोन फोन नंबर. ‘पाणी प्यायला आणि लघवीला कधीही जाऊ द्यावं’ ही ओळ त्यात विसरू नका. बाई बदलल्या की जूनमध्ये हे सगळं नव्यानं समजावून सांगा.