खारफुटी लावायला निघालात? या चुका टाळा

श्रावण लागला की बडोद्यातल्या आमच्या मित्रमंडळींचा एक बेत ठरलेला असतो. खंबातच्या आखातावरच्या कंबोईला जायचं, भरतीत बुडणाऱ्या आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या स्तंभेश्वराच्या मंदिरात दर्शन घ्यायचं आणि परतताना खाडीकाठी चेरची रोपं लावायची. चेर म्हणजे कोकणातली तिवर. आमच्यातल्या निम्म्या जणांचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, त्यामुळे या झाडाबद्दल जिव्हाळा आहेच. पण पहिल्या वर्षी मऊ चिखलात लावलेल्या चारशे रोपांपैकी पुढच्या पौर्णिमेनंतर एकही उभं राहिलं नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही. त्यानंतर जामनगर आणि कच्छचा किनारा फिरलो, मच्छीमारांशी आणि उंटवाल्यांशी बोललो. तेव्हा कळलं की कोरड्या किनाऱ्यावर रोपांपेक्षा पाण्याच्या वाटा जास्त महत्त्वाच्या.

मोकळा चिखल म्हणजे लावणीची जागा नव्हे

सर्वांत जास्त रोपं याच चुकीत जातात, म्हणून यावर थोडं थांबतो. ओहोटीत लांबवर पसरलेला चिखल दिसला की वाटतं, केवढी जागा रिकामी आहे. ती रिकामी आहे कारण तिथे झाड तग धरत नाही. खारफुटी साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर आणि मोठ्या उधाणाच्या रेषेच्या खाली, एवढ्याच पट्ट्यात वाढते. अमेरिकेतले रॉबिन लुईस यांनी आयुष्यभर खारफुटी पुन्हा उभी करण्याचं काम केलं. त्यांच्या अनुभवाचं सार असं, की जी जमीन एकूण वेळेच्या ३० टक्क्यांहून जास्त काळ पाण्याखाली राहते, तिथे लावणी करू नये. खंबातच्या आखातात तर भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. तीन मजली इमारतीएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. आमची चारशे रोपं त्याच्या तोंडावर होती.

उपाय साधा आहे. जवळपास आपोआप उगवलेली, निरोगी चेर शोधा. गवंडी पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती घेऊन जा. त्या झाडांच्या बुंध्याची पातळी आणि तुमच्या जागेची पातळी जुळते का ते पाहा. जमीन वीत-दोन वीत खाली असेल तर काही ठिकाणी मातीचे उंचवटे करून त्यांवर बी टोचतात. त्याहून खोल असेल तर ती जागा सोडा. तो चिखल वाया गेलेला नसतो. रोहित (फ्लेमिंगो) आणि हिवाळी पाहुणे पक्षी तिथेच चरतात.

दिवसही निवडून जा. एकदा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि एकदा अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढतं तेव्हा, अशा दोन फेऱ्या झाल्याशिवाय कुठलाही किनारा समजत नाही.

खुरटं झाड आजारी समजणं

सुंदरबनची छायाचित्रं पाहून कच्छला गेलेला माणूस निराश होतो. कमरेएवढी झुडपं, मधे उघडी जमीन. २०२१ च्या भारतीय वनस्थिती अहवालात गुजरातची खारफुटी १,१७५ चौरस किलोमीटर नोंदली आहे, पश्चिम बंगालच्या खालोखाल देशात दुसरी. त्यातली १,००६ चौरस किलोमीटर विरळ, १६९ मध्यम दाट आणि अति दाट शून्य. यात दुर्लक्षाचा भाग आहे, पण हवामानाचाही आहे. कच्छमध्ये पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास, बारमाही नदी एकही नाही, आणि ऊन पाणी सतत आटवत राहतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, कच्छच्या आखाताच्या आतल्या भागात ते प्रमाण ४० च्या पुढे जातं. एकेकाळी सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याचं गोडं पाणी कच्छच्या पश्चिम टोकाच्या कोरी खाडीकडे येत असे. १८१९ च्या भूकंपात अल्लाह बंद नावाचा उंचवटा वर आला आणि ती वाट अडली. आज तिथली चेर नदीच्या आधाराविना उभी आहे. मला तर ते झुडूप पाहून हात जोडावेसे वाटतात.

पानांवरचा पांढरा थर पाहून कीड समजू नका. झाड पानांतून मीठ बाहेर टाकतं, तेच ते. फवारणी करायची गरज नाही.

बांधाकडे पाठ करून लावणी करणं

रोपं किनाऱ्यावर लावली, पण खाडीच्या तोंडाशी मिठागराचा बांध किंवा मोरी नसलेला रस्ता असेल तर? भरतीचं पाणी आत येत नाही, आलेलं आटतं, जमिनीत मीठ साचत जातं आणि जुनी झाडंसुद्धा वाळतात. कंडला परिसरात खाड्या अशाच अडवल्या गेल्या, तेव्हा कच्छच्या उंटपालकांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१९ साली लवादाने पाण्याचा मार्ग मोकळा करायला सांगितलं. ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाच्या आखातात २०१५-१६ च्या सुमारास कुणीही बांध घातला नव्हता. समुद्राची पातळी काही काळ खाली राहिली, वर दुष्काळ, आणि सुमारे ७,४०० हेक्टर खारफुटी वाळून गेली. पाणी पोहोचलं नाही की झाड किती जुनं आहे याला अर्थ उरत नाही.

म्हणून रोपं मोजण्याआधी खाडीच्या तोंडापर्यंत चालत जा. बांध दिसला तर फोटो, तारीख आणि ठिकाण वन खात्याला लेखी कळवा. एक मोरी मोकळी झाली तर भरती बी स्वतः आणून टाकते. लावणीची परवानगीही त्याच खात्याकडून आधीच घ्यावी, कारण खारफुटीची जमीन किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडते.

खत, बी आणि गावाकडचं कांदळ

आफ्रिकेतल्या एरिट्रियाच्या वाळवंटी किनाऱ्यावर अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॉर्डन सॅटो यांना एक गोष्ट दिसली. पावसाचं पाणी वाहत येतं तेवढ्याच जागी खारफुटी होती. पाण्याबरोबर नायट्रोजन, फॉस्फरस आणि लोह येत होतं. त्यांनी बारीक भोकं पाडलेल्या पिशव्यांतून खत आणि सोबत लोखंडाचे तुकडे पुरले, आणि उजाड किनाऱ्यावर चेर वाढली. हे वाचून आपल्या खाडीत युरिया टाकू नका. बडोदा, भरूचकडच्या नद्या गाळ आणि सांडपाणी भरपूर आणतात, इथली उणीव वेगळी आहे.

चेरचं बी पावसाळ्यात पिकतं आणि झाडावर असतानाच कोंब धरतं. घरी आणून वाळवलं की काही दिवसांत मरतं, म्हणून ओलं ठेवा आणि लगेच लावा. कोकणातून कांदळाच्या, म्हणजे तिकडच्या दुसऱ्या खारफुटीच्या, लांब शेंगा आणू नका. त्या टोचायला सोप्या असतात, हे खरं. पण एवढ्या खारटपणात कांदळ क्वचितच नीट वाढतो, आणि बाहेरचं बी इथे पसरवणं योग्यही नाही.

उंट दिसला की हाकलणं

गायी-म्हशी कोवळी रोपं फस्त करतात, त्यांना अडवायलाच हवं. पण कच्छचा खाराई उंट वेगळा. तो पोहत बेटांवर जाऊन खारफुटी खातो. २०१५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. फकिराणी जत आणि रबारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्याला फिरता चारतात. मला भेटलेले एक आजोबा म्हणाले, "भाई, चेर जाय तो ऊंट पण जाय." कुंपण घालण्याआधी त्यांच्याशी बोला, कोवळी लावणी कुठे आहे ते सांगा. राखणीला त्यांच्यासारखं कुणी नाही.

रोपं मरत असतील तर

खोडावर टणक पांढरे शिंपले चिकटले असतील तर जागा फार खालची आहे. ते खरवडून पुन्हा तिथेच लावू नका. हिरवं शेवाळ गुंडाळलं गेलं असेल तर ओहोटीत हाताने अलगद सोडवा. एकाच बाजूची झाडं ओळीने वाळत असतील तर त्या दिशेला नवा बांध, भराव किंवा गाळ शोधा. श्वसनमुळं म्हणजे जमिनीतून वर आलेल्या सळ्या गाळात बुडाल्या की झाड गुदमरतं. खड्ड्यांतलं पाणी ओहोटीतही उतरत नसेल तर एक छोटा चर काढून निचरा होतो का ते पाहा, अर्थात परवानगी घेऊनच.

आणि मोजणी लावणीच्या दिवशी करून थांबू नका. आम्ही आता रोपांची संख्या तिसऱ्या पावसाळ्यानंतरच गटात सांगतो. गेल्या वर्षीच्या मोजणीत एका पट्ट्यात लावलेल्या दोनशेपैकी ८१ उभी होती, आणि त्यांच्या मधोमध कुणीही न लावलेली, भरतीने आणलेली छत्तीस.