कृष्णकमळावर अळ्या पडल्यात? पंप उचलायच्या आधी हे वाचा

पाऊस सुरू झाला की कृष्णकमळ भराभर फुटतं आणि श्रावणात एक दिवस सकाळी बघावं तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, खाली फरशीवर काळी बारीक लेंडी पडलेली. जीव तुटतो अगदी, कळतं मला. पण लगेच औषध मारू नका.

आधी अळी नीट बघा. लालसर तपकिरी, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे असतील तर ती टॉनी कोस्टर फुलपाखराची अळी. काटे दिसायला भयंकर पण मऊ असतात, मी कितीदा हाताने उचलल्यात, खाज नाही की काही नाही. शेवग्याच्या खोडावर थवा करून बसतात ते केसाळ सुरवंट वेगळे, त्यांना मात्र उघड्या हाताने अजिबात शिवू नका. ही अळी कृष्णकमळ आणि पॅशन फ्रूटच्या वेलीवर वाढते, शेजारच्या गुलाबावर जास्वंदीवर जाईल ही भीती नको.

आता उपाय. मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कोवळी पानं उलटी करून बघायची, पुंजका दिसला की ते पान देठासकट काढून दुसऱ्या वेलीवर अडकवायचं. त्यासाठीच मी नेहमी सांगते, कटिंग लावून एक जास्तीचा वेल मागच्या कुंपणावर सोडून द्या, तो त्यांचा. जागा नसेल तर ओसाड प्लॉटवर, रस्त्याकडेला रानकृष्णकमळ असतं बघा, कळीभोवती हिरवी जाळी असलेलं, तिथे नेऊन सोडा. गुलाबावर सोडलीत तर उपाशी मरेल बिचारी.

जुना वेल, बुंधा जाड झालेला, पूर्ण बोडका झाला तरी घाबरू नका, मुळं धड असली की पावसाळ्यात परत फुटतो. जपायचं ते यंदा लावलेलं रोप, त्याला चार काठ्या रोवून जुनी मच्छरदाणी लावा आणि खालून माती टाकून दाबा, फक्त कळ्या यायला लागल्या की काढा म्हणजे मधमाश्या येतील. युरिया देऊ नका, लुसलुशीत फूट येते आणि तीच आधी खाल्ली जाते, शेणखत पुरे.

निंबोळी अर्क, बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं औषध) ही जैविक म्हणून सगळे सुचवतात. पण बीटी पोटात गेलं की पतंगाची काय आणि फुलपाखराची काय, अळी मरतेच, त्याला फरक कळत नाही. पक्षी खातील म्हणून थांबायचं तर ही अळी कडवट, पक्षी तिला फारसे खात नाहीत, म्हणून इथे हातानेच काम करावं लागतं. जाई-जुईवर जाळी करून पानं चिकटवणारी अळी मात्र पतंगाची, तिथे जाळीची फांदीच कापून टाका आणि वेल आतून थोडा विरळ करा, ऊन लागू दे. ती अळी शिंपी, दयाळ या पक्ष्यांना चालते, पिल्लांना भरवतात.

अजून एक, दसऱ्याच्या साफसफाईत ग्रिल आणि भिंत घासताना जरा सांभाळून. टॉनी कोस्टरचा पांढरट, काळ्या रेघा आणि नारिंगी ठिपक्यांचा कोष उलटा लटकलेला असतो, बोटाच्या पेरापेक्षा लहान, तेवढी जागा आठवडाभर तशीच राहू द्या.